जुळारी गेला, जुळणी उरली

संगणकावर मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जुळाऱ्याचे काम येऊन पडले आहे, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही. गृहनिर्माण सोसायटीचा सचिव वार्षिक सभेची नोटीस काढतो, ग्रामपंचायतीत ठरावाची प्रत तयार होते, वकिलाचा कारकून दावा टाइप करतो, संशोधक विद्यार्थिनी शेकडो पानांचा प्रबंध स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवते. पूर्वी या कामात निदान तीन माणसे असत. एक मजकूर लिही, दुसरा तो जुळवी, तिसरा छापी. आता तिघांचे काम एकटा माणूस एका बैठकीत उरकतो. लिहायला त्याला शाळेने शिकवले, टंकलेखन क्लासने, आणि छापायला एक बटण पुरते. मधले काम मात्र त्याला कोणीच शिकवलेले नाही. ओळ किती रुंद असावी, ओळींत अंतर किती ठेवावे, शीर्षक कोणत्या मजकुराला चिकटून राहावे, जोर कसा द्यावा, पानावर कोरी जागा कुठे सोडावी, हे सगळे तो अंदाजाने, बहुधा शेजारच्या टेबलावरच्या फाइलकडे बघून ठरवतो. हे मधले काम म्हणजे सजावट नव्हे, तो लेखनाचाच भाग आहे, असे माझे म्हणणे आहे. म्हणून ते लेखनाबरोबर शिकवले पाहिजे. आणि मराठीपुरते ते इंग्रजी पुस्तकांतून उसने आणून भागणार नाही, कारण देवनागरीच्या ओळीची गरजच वेगळी आहे.

हे ज्ञान आपल्याकडे नव्हते असे मुळीच नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापले. त्याच दशकात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम देवनागरी अक्षरांचे धातूचे खिळे घडवत होते. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांच्या हातून उतरलेले निर्णयसागरचे अक्षर पुढे कित्येक दशके देवनागरी छपाईचा मानदंड ठरले. या मंडळींपुढचा पेच रोमन लिपीच्या कारागिरांना कधी पडलाच नव्हता. देवनागरीत अक्षरावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार बसतात, खाली उकार लोंबतात, आणि मध्ये जोडाक्षरांची गर्दी असते. त्यावर दोन तोडगे निघाले. डिग्री पद्धतीत वरची चिन्हे, मधले अक्षर आणि खालची चिन्हे वेगवेगळ्या थरांत जुळवत. अखंड पद्धतीत अक्षर आपल्या मात्रेसह एकसंध ओतलेले असे, त्यामुळे जुळणी सोपी व्हायची पण खिळ्यांची संख्या अफाट वाढायची. केसरीसाठी ही संख्या आटोक्यात आणण्याच्या खटपटीत खुद्द टिळक होते. पुढे शासकीय मुद्रणालयांचे काम पाहिलेल्या बापूराव नाईकांनी देवनागरी टाइपविद्येवर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला, तो १९७१ साली निघाला. तो इंग्रजीत आहे. मराठी लिपीवरचे इतके मोठे काम मराठी शाळामास्तरांच्या आणि टंकलेखकांच्या हाती का पोचले नाही, याचे निम्मे उत्तर तिथेच असावे.

जुळाऱ्याच्या हातात जे होते ते या ग्रंथाहून साधे होते. एका ओळीत जागा उरली तर ती शब्दांमध्ये कशी वाटायची, शीर्षक पानाच्या तळाशी एकटे सोडायचे नाही, परिच्छेदाची शेवटची तुटकी ओळ पुढच्या पानावर जाऊ द्यायची नाही, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडू नये म्हणून दोन ओळींमध्ये शिशाची पट्टी घालायची, हे सगळे त्याच्या अंगवळणी पडलेले असे. त्याच्यापुढे कोरी जागा हीसुद्धा वस्तू होती. ती म्हणजे धातूचा तुकडा, तो उचलून बसवावा लागे, म्हणून कारण नसताना कोणी तो बसवत नसे. संगणकावर जागा फुकट झाली. एंटरची कळ सात वेळा दाबायला काही लागत नाही. आपल्या कागदपत्रांचा अर्धा विचका त्या सात एंटरांनी केला आहे.

जुळाऱ्याकडून हे काम थेट सर्वांच्या हाती आले नाही. मध्ये डीटीपी ऑपरेटर होता. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून पुण्यात सी-डॅकच्या जिस्ट गटाने भारतीय लिप्यांसाठी तंत्र उभे केले, १९९१ मध्ये इस्की हे अक्षरसंकेतांचे भारतीय मानक आले, मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी गावोगावच्या डीटीपी दुकानांत पोचले. त्या काळात वापरात आलेल्या बऱ्याच फाँटांत देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. पडद्यावर ‘क’ दिसला तरी संगणकाच्या लेखी तिथे कुठलेतरी रोमन चिन्हच असे. फाँट नसलेल्या यंत्रावर ती फाइल उघडली की सगळा मजकूर रोमन खिचडी होऊन समोर यायचा. पण या गैरसोयीत एक सोयही होती. ते काम ज्याला येत होते तोच करत होता, आणि त्यांतले बरेच जण खिळ्यांच्या छापखान्यातून किंवा त्याच्या सावलीत शिकलेले होते. मराठी पुस्तकाच्या श्रेयपानावर आजही ‘अक्षरजुळणी’ असे लिहून पुढे कुणाचे तरी नाव असते. सोसायटीच्या नोटिशीला असे श्रेयपान नसते.

मग युनिकोड आले. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली, तरी आपल्याकडे खरा फरक पडला तो विंडोज २००० बरोबर आलेल्या ‘मंगल’ या फाँटमुळे. तो र. कृ. जोशी यांनी घडवला. सुलेखनकार, कवी, आयआयटी मुंबईतले शिक्षक अशी ख्याती असलेल्या जोशींनी तो पडद्यावर वाचण्यासाठी बेतला होता. युनिकोडने ‘क’ म्हणजे ‘क’च हे कायमचे ठरवले. कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही फाँटात, शोधयंत्रातसुद्धा. ही प्रगती निर्विवाद आहे. तिने ऑपरेटरची मक्तेदारी मोडली आणि मराठी लिहिणे खरोखर सर्वांचे झाले. पण अक्षर कोणते हे ठरले म्हणजे पान कसे हे ठरत नाही. ‘आम्ही सगळे युनिकोडमध्ये करतो’ असे कार्यालयांतून अभिमानाने सांगितले जाते, आणि सांगणाऱ्याच्या मनात प्रश्न तिथे संपलेला असतो.

शिकायला कुठून लागावे, यात पहिली चूक होते. संगणकावर मांडणी शिकायची म्हणजे चांगले फाँट शोधायचे, असा समज आहे. इंटरनेटवर फुकट देवनागरी फाँटांचा ढीग आहे आणि तो उतरवून घेण्यात संध्याकाळ मजेत जाते. पण सुरुवात रचनेपासून व्हायला हवी, म्हणजे वर्ड किंवा लिबरऑफिसमधल्या स्टाईल या सोयीपासून. टाइपरायटरला मजकुरातले काहीच कळत नव्हते. त्याला फक्त जागा कळायची, कागदावर कुठे ठोका पडणार एवढेच. म्हणून शीर्षक मध्यभागी आणायला टंकलेखक स्पेस मोजून दाबायचा, ठसठशीत करायला खाली रेघ मारायचा, परिच्छेद वेगळा दिसायला दोनदा ओळ सरकवायचा. टाइपरायटर गेला, सवयी तशाच संगणकावर आल्या. संगणकाला मात्र सांगता येते की ही ओळ म्हणजे प्रकरणाचे शीर्षक, हा उतारा म्हणजे अवतरण, ही तळटीप. एकदा तसे सांगितले की त्याचा आकार, रंग, अंतर हे सगळे एका जागी ठरवता येते आणि हवे तेव्हा एका जागीच बदलता येते. अनुक्रमणिका आपोआप तयार होते आणि पाने हलली तरी तिच्यातले आकडे खरे राहतात. ‘शीर्षकाने पुढच्या परिच्छेदाबरोबरच राहावे’ ही सूचना शीर्षकाच्या स्टाईलमध्येच असते, म्हणजे जुळाऱ्याचा एक नियम आयता पाळला जातो. उलट ज्याने प्रबंधातल्या प्रत्येक शीर्षकाला हाताने ठळक केले, मोठे केले आणि खाली रेघ ओढली, त्याच्यावर मार्गदर्शकांनी ‘शीर्षके जरा लहान करा’ म्हणताच अख्खा प्रबंध पुन्हा चाळत बसण्याची पाळी येते. स्पेस मारून जुळवलेले तक्ते तर फाँट बदलताच लुळे पडतात.

रचना डोळ्यांपुरती नसते याचा सर्वांत भक्कम पुरावा अंध वाचकाकडे आहे. एनव्हीडीएसारखे पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर, वापरणारा माणूस लांबलचक अहवाल पहिल्या शब्दापासून ऐकत बसत नाही. कळफलकावरची एच ही कळ दाबत तो शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारतो आणि हवे तिथे थांबतो. पण शीर्षक स्टाईलने दिलेले असेल तरच ही उडी शक्य होते. नुसता ठळक केलेला मजकूर डोळस माणसाला शीर्षक वाटतो, पडदावाचकाला तो बाकीच्या मजकुरासारखाच एक परिच्छेद असतो. म्हणजे दिसायला सारख्या दोन अहवालांतला एक अंध वाचकाला खुला आणि दुसरा बंद. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा माहिती सुगम्य असावी असे म्हणतो. ती सुगम्यता बव्हंशी टाइप करणाऱ्याच्या या साध्या सवयीवर टांगलेली आहे.

रचनेनंतर ओळ. इथे मराठी लिहिणाऱ्याची इंग्रजी पुस्तकांपासून फारकत होते, आणि इथेच सर्वांत जास्त वेळ घालवला पाहिजे. पहिला घोळ आकाराचा. ‘१२ पॉइंट’ हे माप अक्षराचे नसून ज्या ठोकळ्यावर ते बसायचे त्या ठोकळ्याचे आहे. संगणकावर ठोकळा राहिला नाही, माप राहिले. देवनागरी फाँट करणाऱ्याला त्या कल्पित ठोकळ्यात वरची वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खालचे उकार, तळाशी लटकणारी जोडाक्षरे हे सगळे बसवायचे असते. कोणी अक्षराचे अंग बारीक करून चिन्हांना जागा देतो, कोणी अंग मोठे ठेवून ओळच उंच करतो. म्हणून १२ पॉइंटातला ‘कोकिळा’ डोळ्याला बारीक वाटतो आणि त्याच आकाराचा ‘मंगल’ ऐसपैस पसरतो. नियमावलीत ‘फाँटचा आकार १२’ एवढेच लिहिणे म्हणजे काहीच न लिहिण्यासारखे आहे. ओळींच्या अंतराचेही तेच. वर्डमधले ‘सिंगल’ अंतर त्या त्या फाँटच्या पोटात भरलेल्या मापावरून ठरते, त्यामुळे दोन फाँटांत ‘सिंगल’चा अर्थ दोन प्रकारचा होतो. इंग्रजी परिच्छेदात एखादाच मराठी शब्द आला की तेवढीच ओळ फुगून खालच्या ओळींपासून दूर पळते, हे चित्र प्रत्येक द्वैभाषिक पत्रकात दिसते. उपाय सोपा आहे. अंतर ‘एक्झॅक्टली’ करून स्वतः आकडा द्यायचा. पण तो आकडा इंग्रजीच्या हिशेबाने दिला की रफार आणि वेलांट्यांची डोकी उडतात. देवनागरीला ओळींमध्ये रोमनपेक्षा जास्त हवा लागते. किती, हे छापून पाहून ठरवावे लागते, आणि ते पाहताना ‘र्कीं’, ‘द्धू’, ‘ट्रू’ अशी उंच-खोल अक्षरे मुद्दाम एकावर एक आणून बघावी लागतात.

याच्याच पोटात आणखी एक सापळा आहे. वर्ड आणि लिबरऑफिस देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स’ लिपी मानतात आणि तिचा फाँट, आकार, ठळकपणा रोमन मजकुरापासून वेगळा साठवतात. एकाच स्टाईलच्या पोटात दोन सेटिंगे असतात. वरच्या पट्टीत फाँट बदलला तरी मराठी तशीच राहते, किंवा इंग्रजी शब्द १२ मध्ये आणि मराठी १० मध्ये राहतात, याचे कारण हे. लोक याला ‘वर्डचा बग’ म्हणतात. बग नाही. ती सोय आहे, फक्त ती कुठे आहे हे आपल्याला कोणी दाखवलेले नसते. तिचा नीट उपयोग केला तर मराठी आणि रोमन अक्षरांचे आकार एकमेकांना शोभतील असे वेगवेगळे ठेवता येतात, आणि मराठीपेक्षा रोमन एक पॉइंट लहान ठेवला की पुष्कळदा ओळ एकजीव दिसते.

जोर देण्याची रीतही उसनी घेता येत नाही. रोमन लिपीत तिरपे अक्षर हे स्वतंत्र वळणाचे, शतकांच्या परंपरेचे अक्षर आहे. देवनागरीत तिरपे करणारे बटण दाबले की यंत्र सरळ अक्षरालाच कलंडवते, आणि उभ्या दांड्यांची ही लिपी पडायला आल्यासारखी दिसते. खाली रेघ मारली की ती उकारांना कापत जाते. इंग्रजी शीर्षकात अक्षरे विरळ करण्याची फॅशन पाहून कोणी मराठी शीर्षकातही तसे केले तर शिरोरेखाच तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. मग उरते काय? ठळक वजन, थोडा मोठा आकार, अवतरणचिन्हे आणि कोरी जागा. चार साधने पुरेशी आहेत, मात्र एका वेळी एकच वापरायचे. दोन्ही कडा सरळ करणाऱ्या ‘जस्टिफाय’ बटणाबद्दलही असाच संयम हवा. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडून लिहिण्याच्या पद्धतीमुळे मराठी शब्द लांब होतात. ‘महानगरपालिकेच्यासुद्धा’ असला शब्द ओळीच्या टोकाशी मावला नाही की खाली जातो आणि उरलेल्या चार शब्दांत खिंडारे पडतात. खिळ्यांचा जुळारी असा शब्द अक्षराच्या सीमेवर तोडून संयोगचिन्ह द्यायचा. संगणकाला शब्द तोडण्याचे मराठी नियम हवे असतात. ते टेक या जुळणीप्रणालीसाठी उपलब्ध आहेत, पण रोजच्या वापरातल्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ते मिळतीलच असे नाही. ते नसतील तर उजवी कड सरळ करण्याचा हट्ट सोडावा. उजवीकडे किंचित वेडीवाकडी कड असलेले पान वाचायला खिंडारांच्या पानापेक्षा सोपे जाते.

शेवटी अक्षरेच. इथे मांडणी आणि शुद्धलेखन यांची सरमिसळ होते आणि ती फार रोचक आहे. ‘दुःख’मधला विसर्ग कित्येक जण अपूर्णविरामाची कळ दाबून काढतात. कागदावर जवळपास सारखे दिसते, पण संगणकाच्या लेखी तो शब्द मध्येच तुटलेला असतो. ‘प्रसिद्ध’ऐवजी ‘प्रसिध्द’ टाइप झालेल्या फाइली सरकारी आणि खासगी दोन्हीकडे भरपूर आहेत, आणि त्यांत ‘प्रसिद्ध’ शोधले तर काही हाती लागत नाही. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. त्याआधी आणि अजूनही पुष्कळ जण ‘अ’वर चंद्र देऊन ते काढतात. दोन्ही दिसायला जुळे, शोधायला परके. ‘दऱ्या’मधल्या आडव्या र-काराचेही असेच आहे. तो ‘ऱ’ या अक्षरापासून येतो आणि साध्या ‘र’ला लपते जोडचिन्ह देऊनही येतो. मराठीला तो हवाच, कारण त्याच्याशिवाय ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ एकाच पंगतीत बसतील. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदी छपाईतल्या वळणांपेक्षा वेगळी आहेत. नव्या फाँटांत दोन्ही वळणे भरलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवली की ब्राउझर किंवा लिबरऑफिस मराठी वळण उचलतो. भाषा हिंदी राहिली की हिंदी वळण. टिरो या फाँटशाळेने तर मराठी, हिंदी आणि संस्कृत यांसाठी देवनागरीच्या तीन वेगळ्या आवृत्त्या काढल्या. कॅनडातल्या कारागिरांनी घेतलेला हा फरक आपल्या कार्यालयांतल्या फाँटच्या यादीपर्यंत अजून झिरपलेला नाही.

आता आक्षेप. सर्वांत जुना आणि सर्वांत प्रामाणिक आक्षेप असा की मजकूर चांगला असेल तर मांडणीने काय बिघडते? याला पुराव्याने उत्तर देताना सावध राहावे लागते, कारण पुरावा टाइपप्रेमींना वाटतो तितका त्यांच्या बाजूचा नाही. मायक्रोसॉफ्टचे केव्हिन लार्सन आणि एमआयटीच्या रोझलिंड पिकार्ड यांनी २००५ च्या सुमारास एक प्रयोग केला. वीस जणांपैकी निम्म्यांना उत्तम मांडणीचा आणि निम्म्यांना मुद्दाम बिघडवलेल्या मांडणीचा मजकूर वाचायला दिला. वाचनाच्या वेगात किंवा आकलनात म्हणावा असा फरक सापडला नाही. फरक सापडला तो दुसरीकडे. चांगली मांडणी वाचणाऱ्यांना वेळ कमी गेल्यासारखा वाटला, आणि नंतर दिलेले सर्जनशीलता तपासणारे मेणबत्तीचे कोडे त्यांच्यातल्या दहापैकी चौघांनी सोडवले, तर दुसऱ्या गटातल्या एकानेही नाही. नमुना लहान आहे, त्यावर मनोरे रचू नयेत. पण निष्कर्षाची दिशा मला पटते. वाईट मांडणी वाचकाला थांबवत नाही, थकवते. वीस मिनिटांच्या प्रयोगात थकवा जेमतेम दिसतो. चाळीस पानी निविदा वाचणाऱ्या अधिकाऱ्याला किंवा दिवसाकाठी पंचवीस अर्ज वाचणाऱ्या न्यायालयाला तो नक्की भेटतो.

शिवाय काही मांडण्या वाचकाला सरळ चुकवतात. २००० सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडातल्या पाम बीच परगण्याची मतपत्रिका यासाठी अभ्यासावी अशी आहे. म्हाताऱ्या मतदारांना वाचता यावे म्हणून अक्षर मोठे केले, त्यामुळे उमेदवारांची यादी एका पानावर मावेना, म्हणून ती समोरासमोरच्या दोन पानांवर पसरली आणि भोके पाडायची रांग मधोमध आली. डाव्या यादीत दुसरे असलेल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अल गोर यांचे भोक तिसरे होते. दुसरे भोक उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन यांचे. राज्यशास्त्रज्ञांच्या एका गटाने २००१ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार डेमोक्रॅटिक पक्षाच्या दोन हजारांहून अधिक मतदारांनी चुकून ब्युकॅनन यांना मत दिले. अख्ख्या फ्लोरिडात गोर यांचे प्रतिस्पर्धी जॉर्ज बुश यांचे मताधिक्य होते ५३७. मला यात सर्वांत बोलका वाटतो तो हेतू. अक्षर मोठे करणे हा चांगुलपणाच होता. जवळ ठेवायच्या गोष्टी जवळ ठेवणे हे अक्षराच्या आकारापेक्षा आधी येते, एवढेच त्या कार्यालयात कोणाला शिकवलेले नव्हते.

दुसरा आक्षेप असा की एकदा नियम ठरवून द्या, म्हणजे प्रत्येकाला शिकायची गरज नाही. नियम उपयोगी असतात, हे मान्य. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये परिपत्रक काढून लीगल आकाराच्या, एकाच बाजूने छापलेल्या कागदाऐवजी ए-४, दोन्ही बाजूंनी छपाई, टाइम्स न्यू रोमन १४, ओळींत दीडपट अंतर, डावी-उजवीकडे चार-चार सेंटिमीटर आणि वर-खाली दोन-दोन सेंटिमीटर समास असे ठरवले. कागद वाचला म्हणून त्याचे कौतुक झाले, ते योग्यच. पण त्यातली खरी शहाणी तरतूद समासाची आहे. एकवीस सेंटिमीटरांतून आठ वजा केले की ओळ तेरा सेंटिमीटरांची उरते, आणि एवढ्या ओळीचे टोक गाठून डोळा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला न चुकता परततो. वर्डमध्ये कोरी फाइल उघडून सरळ टाइप करत गेले तर ओळ याहून कितीतरी लांब पडते. आता हाच नियम मराठी दाव्याला लावून बघा. टाइम्स न्यू रोमनमध्ये देवनागरी अक्षरेच नाहीत, म्हणजे फाँट यंत्राच्या मर्जीवर. १४ चा अर्थ त्या फाँटवर, दीडपटीचा अर्थही त्याच फाँटवर. नियमातला आकडा जसाच्या तसा राहतो आणि पान मात्र यंत्रागणिक बदलते. नियम का केला हे ज्याला कळले तोच त्याचे मराठी रूपांतर करू शकतो.

तिसरा आक्षेप ताजा आहे. मजकूर लिहून देणारी यंत्रे आली, मांडणीही तीच करतील. करतील, थोडीफार करतातही. पण त्यांच्याकडून आलेला मजकूर नोटिशीत चिकटवल्यावर शीर्षकांच्या दोन्ही बाजूंच्या चांदण्या आणि ओळीच्या सुरुवातीची जाळीदार चिन्हे तशीच छापली गेलेली पत्रके हल्ली दिसू लागली आहेत. ती चिन्हे म्हणजे यंत्राने आपल्या परीने सांगितलेली रचना असते. घेणाऱ्याला रचना म्हणजे काय हे माहीत नसल्यामुळे ती कचरा होऊन कागदावर उतरते. आणि हे सगळे व्यावसायिक डिझायनरकडे सोपवा असे म्हणणाऱ्यांना विचारावेसे वाटते की तलाठ्याच्या दाखल्यासाठी, शाळेच्या परिपत्रकासाठी डिझायनर कुठून आणणार? एक टाइप सारखे फाँट बनवणारे गट मुंबईत आहेत, ‘मुक्त’सारखा देखणा आणि मोफत फाँट त्यांनी दिला आहे. त्यांचे काम हत्यार देण्याचे. ते चालवायचे आपणच.

मग हे शिकवायचे कुठे? नवे विद्यापीठ काढायची गरज नाही. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेत मराठीसाठी मिनिटाला ३० आणि ४० शब्द असे वेग आहेत. वेग ही टाइपरायटरच्या काळातली कसोटी, आणि ती आजही हवी. तिच्या शेजारी एक कसोटी आणखी बसू शकते. विद्यार्थ्याला बाराशे शब्दांचा कच्चा मराठी मजकूर द्यावा, त्यात चार शीर्षके, एक तक्ता, दोन अवतरणे आणि मध्येमध्ये इंग्रजी नावे असावीत. तो स्टाईल लावून मांडायला सांगावा. मग परीक्षकाने फाँट बदलावा, कागद ए-४ वरून ए-५ करावा, अनुक्रमणिका नव्याने काढावी, ‘प्रसिद्ध’ हा शब्द शोधावा आणि पडदावाचक लावून शीर्षकावरून शीर्षकावर जाऊन बघावे. जिथे तक्ता कोसळला किंवा शीर्षक हरवले तिथले गुण वजा. विद्यापीठांनीही प्रबंधाच्या नियमपत्रिकेत ‘आकार १२, अंतर दुप्पट’ असे आकडे छापण्याऐवजी मराठीसाठी तयार केलेली एक साचा-फाइल संकेतस्थळावर ठेवावी, तिच्यात देवनागरीची वेगळी सेटिंगे भरून. ती फाइल बनवायला एका जाणकाराला आठवडा पुरेल.